थाळीतील प्रथिने आणि पर्यावरणाचा हिशेब

बेंगळुरू शहराच्या उत्तरेस असलेले हेब्बाळ आज विमानतळाकडे जाणाऱ्या उड्डाणपुलासाठी आणि तेथील वाहतूक कोंडीसाठी ओळखले जाते. कृषी शिक्षणाच्या इतिहासात मात्र या नावाला वेगळे महत्त्व आहे. म्हैसूर संस्थानच्या राजमातांनी १८९९ मध्ये येथे ३० एकर जमीन प्रायोगिक शेतीसाठी दिली. १९१३ मध्ये कृषी शाळा, १९४६ मध्ये कृषी महाविद्यालय आणि १९६४ मध्ये कृषी विज्ञान विद्यापीठ अशी त्या शेताची वाढ होत गेली. याच परिसरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. एका कुंपणाआड कडधान्यांचे वाण पैदा होत होते, तर शेजारी गाई, मेंढ्या आणि कोंबड्यांचा अभ्यास चालत होता. वनस्पतिजन्य आहार पर्यावरणाला कमी भार देतो की मांसाहार, या प्रश्नाचा विचार करण्यास याहून सोयीचे ठिकाण सापडणे कठीण आहे. कारण हा प्रश्न शेवटी पीक आणि पशू यांच्या परस्परसंबंधाचा आहे.

भारतात हा विषय निघाला की चर्चा लगेच धर्म, जात आणि संस्कार यांकडे वळते. भारत हा शाकाहारी देश आहे ही समजूतही वस्तुस्थितीला धरून नाही. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४ च्या आधारभूत सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरील सुमारे ७१ टक्के भारतीय मांसाहारी होते. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ६० टक्के, तर कर्नाटकात ७९ टक्क्यांच्या आसपास होते. तथापि देशातील मांसाचे दरडोई उत्पादन वर्षाला जेमतेम ७ किलो आहे. म्हणजे बहुसंख्य भारतीय मांस खातात, पण फारच थोडे खातात. पाश्चात्त्य देशांत तयार झालेला 'मांस सोडा, पृथ्वी वाचवा' हा युक्तिवाद येथे जसाच्या तसा लागू पडत नाही, याचे एक कारण या आकड्यात आहे. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण दुधात आहे.

जागतिक आकडे काय सांगतात?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी १८ टक्के वायूंना पशुपालन कारणीभूत असल्याचे म्हटले होते. २०१३ मध्ये हा अंदाज १४.५ टक्के, म्हणजे वर्षाला ७.१ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड-समतुल्य इतका सुधारण्यात आला. २०२३ च्या अहवालात तो सुमारे १२ टक्क्यांवर आला. आकड्यांतील हा फरक मुख्यतः मोजणीच्या पद्धतीतील आणि आधारसामग्रीतील बदलांमुळे आहे. पशुधनाचा भार ओसरला असा त्याचा अर्थ नाही. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात यांपैकी कोणताही आकडा वापरताना त्याचे वर्ष सोबत लिहिणे म्हणूनच आवश्यक ठरते.

खाद्यपदार्थांची आपसांत तुलना करणारा सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती त्यांनी एकत्र केली. शंभर ग्रॅम प्रथिने मिळवण्यासाठी होणारे सरासरी उत्सर्जन त्यांनी काढले, ते असे : केवळ मांसासाठी पाळलेल्या गोवंशाचे मांस ५० किलो, मेंढी-शेळीचे मांस २० किलो, चीज ११ किलो, कोंबडी ५.७ किलो, अंडी ४.२ किलो, सोयाबीनपासून बनणारे टोफू २ किलो, कडधान्ये ०.८ किलो आणि वाटाणा ०.४ किलो. सर्व मानवजातीने प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य केले तर अन्नासाठी लागणारी जमीन ७६ टक्क्यांनी आणि अन्नाशी निगडित उत्सर्जन ४९ टक्क्यांनी घटेल, असाही त्यांचा निष्कर्ष होता.

ही यादी वरवर वाचली तर वनस्पती चांगल्या आणि प्राणी वाईट एवढेच दिसते. जरा थांबून वाचल्यास तिच्यात आणखी एक गोष्ट आढळते. चीज हा भारतीय अर्थाने शाकाहारी पदार्थ आहे, आणि तो कोंबडीच्या मांसाहून जवळपास दुप्पट भार टाकतो. पनीरही चीजप्रमाणेच कित्येक लिटर दूध फाडून मिळते. म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीने महत्त्वाची विभाजनरेषा शाकाहार आणि मांसाहार यांच्यामधून जात नाही. ती बऱ्याच अंशी रवंथ करणारे प्राणी आणि रवंथ न करणारे प्राणी यांच्यामधून जाते.

रवंथामागील रसायन

गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी यांच्या जठराचा रुमेन हा कप्पा म्हणजे एक किण्वनपात्रच असते. माणसाला न पचणारा गवताचा, कडब्याचा तंतू तेथील सूक्ष्मजीव विघटित करतात. त्यातून मेदाम्ले तयार होतात व जनावराला ऊर्जा मिळते. या क्रियेत हायड्रोजनही निर्माण होतो. मिथेनजनक सूक्ष्मजीव तो कार्बन डायऑक्साइडशी संयोग घडवून मिथेनमध्ये रूपांतरित करतात आणि हा मिथेन प्रामुख्याने ढेकरेवाटे बाहेर पडतो. खाद्यातील एकूण ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो वाया गेलेला चारा असतो, ही बाब मिथेनच्या चर्चेत सहसा सांगितली जात नाही. शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेनची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, तर वीस वर्षांच्या कालावधीत ८० पटींहून अधिक असते. मात्र तो वातावरणात बारा वर्षांच्या आसपासच टिकतो. त्यामुळे मिथेन कमी केल्यास तापमानावर परिणाम लवकर दिसतो.

विसाव्या पशुगणनेनुसार २०१९ मध्ये देशात सुमारे १९ कोटी गोवंश, ११ कोटी म्हशी, १५ कोटी शेळ्या आणि ७ कोटींहून अधिक मेंढ्या होत्या. भारताने संयुक्त राष्ट्रांकडे सादर केलेल्या २०१६ च्या उत्सर्जन-नोंदीत कृषी क्षेत्राचा वाटा सुमारे १४ टक्के होता आणि त्यातील निम्म्याहून अधिक वाटा एकट्या आंत्रकिण्वनाचा, म्हणजे रवंथातून निघणाऱ्या मिथेनचा होता. भातखाचरांचा वाटा त्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास भरतो. यातील गोवंश व म्हशी मुख्यतः दुधासाठी पाळल्या जातात. २०२३-२४ मध्ये देशाचे दूध उत्पादन सुमारे २३.९ कोटी टन होते, म्हणजे जगाच्या जवळपास एक-चतुर्थांश. देशाच्या अन्नातून निघणाऱ्या मिथेनचा सर्वांत मोठा स्रोत मटणाच्या दुकानात नसून दुधाच्या पिशवीत आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीला सोडून होणार नाही.

दूध ही प्राणिजन्य वस्तू आहे ही जाणीव नवी नाही. महात्मा गांधींनी १९१२ मध्ये दूध वर्ज्य केले होते. पुढे गंभीर आजारपणात ते शेळीचे दूध घेऊ लागले. १९२७ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव बेंगळुरूत मुक्काम असताना त्यांनी तेथील इंपीरियल दुग्धसंस्थेत जाऊन गोपालनाचे धडे घेतले. दूध आणि मांस ही एकाच जनावराची दोन उत्पादने आहेत, हे त्यांना पुरते ठाऊक होते. गाय दूध देत राहावी यासाठी तिला ठरावीक काळाने वेत लागते आणि जन्मणाऱ्या वासरांपैकी निम्मी नर असतात. ट्रॅक्टरमुळे बैलाची गरज घटली आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून आणि कर्नाटकात २०२१ पासून गोवंशहत्येवर व्यापक कायदेशीर बंदी आहे. या कायद्यांमागील भूमिका पर्यावरणाहून वेगळी आहे; परंतु अनुत्पादक जनावरही चारा खाते आणि मिथेन सोडते, एवढी नोंद हिशेबात करावीच लागते. राष्ट्रीय गोकुळ मिशनअंतर्गत दिल्या जाणाऱ्या लिंगनिर्धारित वीर्यामुळे सुमारे ९० टक्के कालवडी जन्मतात. तो उपाय यामुळेच दूध उत्पादनाइतकाच हवामानाचाही आहे.

बेंगळुरूच्याच आडुगोडी भागातील राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्थेने 'हरित धारा' हे टॅनिनयुक्त खाद्यपूरक विकसित केले असून त्यामुळे मिथेन १७ ते २० टक्क्यांनी घटत असल्याचे संस्थेने २०२१ मध्ये जाहीर केले. दूध सोडण्याचा उपदेश करण्यापेक्षा अशा उपायांना भारतात अधिक वाव आहे, कारण दोन जनावरांवर घर चालवणाऱ्या अल्पभूधारक कुटुंबाला दुधाचे पैसे नियमितपणे मिळतात. पिकाचे वर्षातून एक-दोनदा.

पाण्याचा प्रवास

उत्सर्जनाइतकाच पाण्याचा प्रश्नही गंभीर आहे. मेकोनेन आणि हुक्स्ट्रा या अभ्यासकांच्या जागतिक सरासरीनुसार एक किलो गोमांसामागे १५,४०० लिटर, कोंबडीमागे ४,३०० लिटर, कडधान्यांमागे ४,००० लिटर आणि एक लिटर दुधामागे सुमारे १,००० लिटर पाणी लागते. किलोचा हिशेब फसवा असतो, कारण दुधात बहुतांश पाणीच असते. प्रथिनांच्या एका ग्रॅममागे मोजल्यास कडधान्यांना १९, अंड्यांना २९, दुधाला ३१, कोंबडीला ३४ आणि गोमांसाला ११२ लिटर पाणी लागते. यातील पावसाचे पाणी किती आणि जमिनीखालून उपसलेले किती, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

बेंगळुरूच्या आसपास त्याचे उत्तर स्पष्ट दिसते. शहराच्या पूर्वेचे कोलार आणि उत्तरेचे चिक्कबळ्ळापूर हे जिल्हे बारमाही नदी नसलेले, तरीही दूध, रेशीम आणि भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध. येथील कूपनलिका हजार फुटांहून खोल गेल्या. भूजलावर मका व हत्तीगवत यांसारखा हिरवा चारा पिकतो, चाऱ्यावर संकरित गाय दूध देते आणि ते दूध शहरात येते. आता हेब्बाळ-नागवार खोरे प्रकल्पातून शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी, दररोज २१ कोटी लिटर क्षमतेने, चिक्कबळ्ळापूर व परिसरातील ६५ तलावांत सोडण्याची योजना राबवण्यात आली आहे. उद्देश भूजल पुनर्भरणाचा आहे. प्रक्रिया दुसऱ्या टप्प्यापर्यंतच होत असल्याने पाण्याच्या गुणवत्तेबाबत आक्षेपही घेतले गेले आहेत. ग्रामीण भागाचे भूजल दूध आणि भाजीच्या रूपाने शहरात येते आणि हेब्बाळच्या नाल्यातून सांडपाणी होऊन परत जाते. या फेऱ्यात 'शाकाहारी' पेला पाण्याच्या दृष्टीने निर्दोष ठरत नाही.

याउलट माळरानावर चरणारी धनगराची मेंढी पाहावी. किलोमागील मिथेनच्या कोष्टकात तिचे स्थान वाईट आहे. परंतु ती ज्या जमिनीवर चरते तेथे ज्वारीदेखील नीट येत नाही. सुगीनंतर ती शेतातील धसकटे खाते आणि शेतात बसवलेल्या कळपाच्या लेंड्यांसाठी शेतकरी मोबदला देतात. दख्खनी मेंढी माणसाच्या तोंडचा घास घेत नाही. कोंबडीचे गणित नेमके उलटे आहे. एक किलो वजनवाढीसाठी ब्रॉयलरला दोन किलोंपेक्षाही कमी खाद्य पुरते, हे तिचे कौतुक. पण ते खाद्य म्हणजे मका आणि सोयाबीनची पेंड. लातूरच्या शेतात पिकणाऱ्या सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. त्यातील तेल माणसाच्या कढईत जाते आणि प्रथिनयुक्त पेंड मोठ्या प्रमाणात कुक्कुटखाद्यात. देशातील मांस उत्पादनात कोंबडीचा वाटा आज निम्म्याच्या जवळपास आहे. भारतीय मांसाहाराचा भविष्यातील भार म्हणूनच कुरणावर नव्हे, तर मका-सोयाबीनखालील शेतजमिनीवर पडणार आहे.

शाळेतील ताट

सरासरी आकड्यांची खरी कसोटी शालेय पोषण आहारात लागते. कर्नाटकात २०१३ पासून 'क्षीरभाग्य' योजनेत शाळकरी मुलांना १५० मिलिलिटर दूध दिले जाऊ लागले. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तरेकडील काही जिल्ह्यांत मुलांना अंडे, आणि ते न खाणाऱ्यांना केळे किंवा चिक्की देण्यास प्रारंभ झाला. पुढे ही योजना राज्यभर विस्तारली. तिला विरोधही झाला. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवून अंडे लोकसहभागावर सोपवण्यात आले.

या वादात पर्यावरणाचा मुद्दा अंड्याच्या विरोधात मांडला जातो. तो तपासून पाहता येतो. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात; वरील जागतिक सरासरीने त्यामागे पाव किलो कार्बन डायऑक्साइड-समतुल्य उत्सर्जन होते. १५० मिलिलिटर दुधातून सुमारे ५ ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि लिटरमागे ३.२ किलो या सरासरीने उत्सर्जन जवळपास अर्धा किलो होते, म्हणजे अंड्याच्या दुप्पट. तेवढीच प्रथिने २५ ग्रॅम कडधान्यातून घेतल्यास उत्सर्जन सुमारे ५० ग्रॅम. अंडे आणि दूध यांत पर्यावरणाच्या कारणास्तव दुधाची बाजू घेता येत नाही. घ्यायचीच तर कडधान्याची घ्यावी लागेल.

परंतु कडधान्य एकट्याने पुरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील ६७.१ टक्के बालके आणि १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. जीवनसत्त्व ब-१२ वनस्पतींतून मिळत नाही. वनस्पतींतील लोहाचे शोषणही मांसातील लोहापेक्षा कमी होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार भारतीयांच्या आहारातील केवळ ६ ते ९ टक्के ऊर्जा कडधान्ये, मांस, कोंबडी व मासे यांतून येते. ती १४ टक्के असावी अशी शिफारस आहे. उत्सर्जन घटवण्यासाठी आठवड्यातील अंडे कमी करण्याची सूचना ज्याच्या ताटात आठवड्याला एकच अंडे पडते त्याला करणे न्याय्य ठरत नाही. ती सूचना रोज पनीर, चीज आणि मटण परवडणाऱ्या शहरी वर्गासाठी आहे.

हेब्बाळ अवरे

हेब्बाळच्या नावाने ओळखले जाणारे एक पीक या चर्चेत हमखास दुर्लक्षित राहते. बेंगळुरू परिसरात 'अवरे' म्हणतात तो वाल किंवा पावटा. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव लॅबलॅब परप्युरियस. पारंपरिक पद्धतीत तो नाचणीच्या शेतात 'अक्कडी' म्हणजे मिश्र ओळींत पेरला जाई. नाचणी पावसावर येते, १०० ग्रॅममध्ये ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम देते. वाल तिला नत्र पुरवतो. शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, त्यामुळे युरियाची गरज घटते. युरिया बनवताना नैसर्गिक वायू जळतो आणि शेतात टाकल्यावर नायट्रस ऑक्साइड निघतो, जो कार्बन डायऑक्साइडहून २७३ पट तापवणारा आहे. कडधान्यांचे उत्सर्जन यादीत तळाशी असण्याचे हे प्रमुख कारण. पोषणाच्या दृष्टीनेही ही जोडी पूरक ठरते. कडधान्यात लायसिन भरपूर असते आणि मेथिओनिन कमी. तृणधान्यात नेमके त्याच्या उलट.

जुन्या वालाला दिवस लहान झाल्याशिवाय फुले येत नसत, त्यामुळे शेंगा केवळ हिवाळ्यात मिळत. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने 'हेब्बाळ अवरे-३' आणि पुढे 'हेब्बाळ अवरे-४' हे दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेले, बुटके, लवकर येणारे वाण दिले. वर्षभर पीक घेणे शक्य झाले. ग्राहक मात्र अजूनही थंडीतील सुगंधी शेंगेलाच अधिक पसंती देतो. जानेवारीत बेंगळुरूत भरणाऱ्या अवरे जत्रेची गर्दी त्याची साक्ष आहे.

महाराष्ट्रात हेच पीक रायगड, रत्नागिरीत भातकापणीनंतर जमिनीतील ओलाव्यावर, एकही पाणी न देता घेतले जाते. बिरड्याची उसळ ही कोकणी घराची खूण. हिवाळ्यात रायगडात लागणाऱ्या पोपटीच्या मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि कोंबडीचे चार तुकडे एकत्र शिजतात. शेंगा मुख्य आणि मांस चवीपुरते, हे प्रमाण आहारतज्ज्ञांच्या आजच्या शिफारशींच्या बरेच जवळ जाणारे आहे.

अडचण उत्पन्नाची आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये कडधान्य आत्मनिर्भरता मोहिमेस ११,४४० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजुरी दिली असून २०३०-३१ पर्यंत उत्पादन ३५० लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. मोहिमेचा भर तूर, उडीद आणि मसूर या तिन्हींवर आहे आणि त्यांच्या खरेदीची हमीही देण्यात आली आहे. वाल या यादीत नाही. किमान आधारभूत किंमत जाहीर होणाऱ्या पाच कडधान्यांतही तो नाही. दुधाला संकलन केंद्र आहे आणि पैसे नियमित मिळतात, ब्रॉयलरला कंपनीचा करार आहे. वालाचा भाव मात्र शेंगांच्या हंगामावर आणि आठवडी बाजारावर ठरतो. नाचणी-वालाच्या शेतात कूपनलिका खोदून हत्तीगवत लावणारा चिक्कबळ्ळापूरचा शेतकरी आहाराची निवड करत नसतो. जे विकत घेतले जाते ते तो पिकवतो.